तंबोरा ते स्ट्रिंग थिअरी: तारेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं शिकणारे एका बाजूला आणि स्ट्रिंग थिअरीचे (विश्वातले मूळ कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा, असं मांडणारी फिजिक्समधली थिअरी) व्हिडिओ बघून डोकं भंजाळलेले दुसऱ्या बाजूला, दोघांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी टाकतोय. प्रश्न शक्यतो आले तसेच ठेवलेत. उदाहरणं बहुतेक तंबोऱ्याची आहेत, कारण एक तर तो माझ्या समोर असतो आणि दुसरं म्हणजे तारेचं फिजिक्स समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं वाद्य नाही.

1. तार छेडली की नक्की काय हलतं? तारेतले कण इकडून तिकडे जातात का?

नाही. कण आपापल्या जागीच आडवे हलतात, पुढे जातो तो फक्त हेलकावा. प्रत्येक कण शेजाऱ्याला ओढतो, तो त्याच्या शेजाऱ्याला, असं करत हेलकावा टोकापर्यंत पोचतो, तिथे तार बांधलेली असल्यामुळे उलटा होऊन परत येतो. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या मीटरभर लांब जोडीच्या तारेत, म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या दोन सा च्या तारांपैकी एकीत, हा वेग सेकंदाला साधारण 277 मीटर असतो. जाऊन येऊन दोन मीटर, म्हणजे सेकंदात 138 ते 139 फेऱ्या, आणि तीच काळी एकची कंपनसंख्या. सूर म्हणजे काय याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

2. लांबी, जाडी, ताण यांचा आणि सुराचा हिशोब काय?

हे नियम फ्रेंच पाद्री मेर्सेन यांनी 1636 मध्ये मांडले. लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होते. ताण मात्र दुप्पट करून सप्तक मिळत नाही, चौपट करावा लागतो, आणि वजनाचंही तसंच, मीटरमागे चौपट जड तार त्याच ताणाला एक सप्तक खाली वाजते.

आता तंबोऱ्यावर बघा. जोडीची तार 0.3 मिलिमीटरची स्टीलची धरली, लांबी एक मीटर आणि सूर काळी एक, तर ताण येतो साधारण सव्वाचार-साडेचार किलो. खर्ज, म्हणजे शेवटची तार, त्याच्या एक सप्तक खाली. तीच स्टीलची तार खर्जाला लावली तर ताण चौथ्या हिश्श्यावर येणार, म्हणजे किलोभर, तार लुळी पडणार आणि आवाज निघणारच नाही. म्हणून खर्जाला जाड पितळी तार. 0.5 मिलिमीटरची पितळी तार घेतली की ताण सव्वातीन किलोच्या आसपास येतो, हाताला बरा लागतो. व्हायोलिनवाल्यांनी हाच प्रश्न बारीक धातूची तार गुंडाळून सोडवला.

3. पायथागोरसने लोहाराच्या हातोड्यांवरून सूर शोधले हे खरं का?

गोष्ट छान आहे पण फिजिक्स चुकीचं आहे. त्या गोष्टीत पायथागोरस हातोड्यांच्या वजनांइतकी वजनं तारांना टांगतो आणि दुप्पट वजन टांगलं की सप्तक मिळतं, आणि तसं होत नाही हे प्रश्न 2 मध्ये आलंच. शेकडो वर्षं लोक हे एकमेकांचं वाचून लिहीत राहिले, वजन टांगून कोणी बघेना. ते सोळाव्या शतकात बघितलं विन्चेंझो गॅलिली यांनी, ते ल्यूट वाजवायचे आणि गॅलिलिओचे वडील होते. मुलाला प्रयोग करून बघायची खोड कुठून लागली असेल याचा अंदाज येतो.

4. एकाच तारेतून इतके सूर एकदम कसे ऐकू येतात?

दोन्ही टोकं बांधलेली आहेत, ही सगळी गंमत त्याची. टोकं हलू शकत नाहीत, त्यामुळे तारेवर तेच हेलकावे टिकतात जे लांबीत पूर्ण बसतात: एक भाग, दोन भाग, तीन भाग, चार भाग. अडीच भाग बसत नाही. म्हणून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वर मिळतात, आणि तार हे सगळे हेलकावे एकाच वेळी घेऊन हलत असते. हे गणित 1747 ला गणितज्ञ दालाम्बेर यांनी सुरू केलं, मग ऑयलर आणि डॅनियल बर्नुली यांचं त्यावर चांगलंच वाजलं. बर्नुली म्हणत होते की तारेचा कुठलाही आकार अशा साध्या हेलकाव्यांची बेरीज असते, आणि ते बऱ्यापैकी बरोबर ठरले.

घरी करून बघा. तार छेडा आणि लगेच बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून काढून घ्या, दाबायचं नाही. मूळ सूर जातो आणि वरचा सा उरतो. तिसऱ्या हिश्श्यावर टेकवलं तर त्याच्या वरचा पंचम. हे सूर आधीपासून तिथे होतेच, तुम्ही फक्त बाकीच्यांना गप्प केलंत.

5. स्वयंभू गंधार खरा असतो की गुरुजी सांगतात म्हणून ऐकू येतो?

खरा असतो, माइक लावून मोजता येतो. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर घ्या. काळी एकचा खर्ज 69 च्या थोडा वर, त्याची पाचपट 346 ते 347, आणि मधल्या सा च्या म्हणजे 138.6 च्या अडीचपटही तेवढीच. अडीचपट म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. तारेवर ग कोणी लावलेला नाही, तरी तो येतो.

आता पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. हा गंधार सा च्या सव्वापट, म्हणजे 5:4. अर्धस्वराचे (पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे) 100 भाग केले आणि प्रत्येकाला सेंट म्हटलं, तर हा येतो 386 सेंटवर. पेटीचा गंधार 400 वर बसवलेला असतो. 14 सेंटचा फरक, आणि तंबोऱ्याशेजारी पेटी धरून ग लांब धरला की तो कानाला टोचतो. ज्यांना टोचत नाही त्यांनी टेन्शन घेऊ नका, रोज दहा मिनिटं नुसता खर्ज ऐका, ऐकू यायला लागतो.

6. जवारी म्हणजे नक्की काय? घोडीवरचं सूत जरासं सरकवलं की आवाज एवढा का बदलतो?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. गिटार किंवा व्हायोलिनला तार एका धारेवर टेकते, तिचं टोक पक्कं ठरलेलं असतं. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित बाकदार घासलेला असतो. तार खाली आली की त्या बाकावर थोडी लोळते, वर गेली की सुटते, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात तारेची लांबी बारीकशी बदलत राहते. प्रश्न 4 मधली आदर्श तार तिथेच मोडते. एका उपस्वरातली ताकद दुसऱ्यात जायला लागते, मूळ सुराकडून वरच्या उपस्वरांकडे, म्हणून छेडल्यानंतर आवाज नुसता विझत जात नाही तर उलगडत जातो, एकेक उपस्वर पुढे येऊन मागे सरतो. हीच जवारी.

सूत, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा, ठरवतं की तार बाकाच्या नेमक्या कुठल्या जागेवर घासणार. सूत सरकवताना बोटाखाली अर्धा मिलिमीटरसुद्धा कळत नाही, पण त्या अर्ध्या मिलिमीटरच्या अलीकडे आवाज बोथट आणि पलीकडे पत्रा वाजल्यासारखा, मध्ये एक जागा अशी येते की तार एकदम बोलायला लागते. आधी खुंटीने आणि मण्याने (तारेत ओवलेला, बारीक सूर लावायचा) सूर नीट लावायचा, सूत शेवटी.

सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये कलकत्त्याहून याच्यावर लिहिलं. जुना नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर वाजायला नको. तंबोरा आपण साधारण तारेच्या मध्यावर छेडतो, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा गायब व्हायला हवेत. ते होत तर नाहीतच, दणकून वाजतात, आणि हे घोडीचं काम आहे हे रामन यांनी दाखवलं. मिरजेच्या कारागिरांना ते कानाने पिढ्यानपिढ्या माहीत होतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण जवारी काढणारा हात हा वेगळाच विषय आहे, कानस फिरवायची आणि ऐकायचं, परत फिरवायची, त्याला मशीन नाही. घोड्या पूर्वी हस्तिदंताच्या, सांबरशिंगाच्या असायच्या, आता बंदीमुळे हाड, लाकूड नाहीतर फायबर.

7. जोडीच्या दोन तारा अॅपवर एकच सूर दाखवतात, तरी वाँव-वाँव का ऐकू येतं?

अॅपने आकडा गोल केलेला असतो. एक तार 138.6 आणि दुसरी 139.1 असली तर दर दोन सेकंदाला आवाज एकदा फुगतो आणि एकदा बसतो. मणी हळू हळू सरकवा, ती लाट लांबत जाते आणि जवळजवळ थांबते. कान इथे अॅपपेक्षा चांगला. आणि लाट पूर्ण मारून टाकू नका असं माझं वैयक्तिक मत आहे, अगदी संथ लाट राहिली तर तंबोरा भरल्यासारखा वाटतो.

8. ग्रीनरूममध्ये मस्त लागलेला तंबोरा स्टेजवर का उतरतो किंवा चढतो?

तापमान आणि दमटपणा. लाकूड आणि भोपळा दमटपणाने हलतात, पण आधी बदलते ती तार. प्रश्न 2 मधली स्टीलची तार त्या ताणाखाली फक्त 0.3 टक्के ताणलेली असते. दहा अंश गरम झाली की स्टील 0.012 टक्के वाढतं, आकडा फालतू वाटतो, पण 0.3 मधून तेवढे गेले म्हणजे ताण चार टक्क्यांनी कमी आणि सूर दोन टक्क्यांनी खाली. दोन टक्के म्हणजे अर्धस्वराचा तिसरा हिस्सा! लाकूडही थोडं वाढतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण कळण्याइतका नक्की. एसीमधून लाइटखाली आलात की उतरणार, लाइटखालून एसीत गेलात की चढणार. आयोजकांशी भांडण्यापेक्षा अर्धा तास आधी तंबोरे स्टेजवर नेऊन ठेवा.

9. तार सारखी तुटते, जरा जाड घालू का?

जाड घातल्याने काही होणार नाही, हे लोकांना पटत नाही पण गणित सरळ आहे. तार दुप्पट जड केली तर त्याच सुराला ताणही दुप्पट लागतो, आणि ताकदही दुप्पटच वाढलेली असते. म्हणजे ठरावीक लांबीला आणि ठरावीक धातूला तार कुठल्या सुराला तुटणार हे जाडीवर अवलंबूनच नाही. मीटरभर लांब तंबोऱ्याच्या जोडीला चांगली स्टीलची तार वरच्या सा च्या थोडं अलीकडे तुटेल. म्हणूनच बायकांच्या काळी चार, काळी पाचला लहान तंबोरा लागतो, पुरुषांचा मोठा तंबोरा तिथपर्यंत ओढायचा नाही. एकाच जागी तुटत असेल तर खुंटी किंवा वरच्या पट्टीची खाच बघा, तिथे धार आलेली असते.

10. गजाने वाजवलेली तार छेडलेल्या तारेपेक्षा वेगळी हलते का?

खूपच. छेडलेली तार सोडून दिली की ती आणि तिचं नशीब. गजाला राळ लावलेली असते, घोड्याच्या शेपटीचे केस तारेला धरून ओढतात, मग तार सुटून सटकते, परत पकडतात, परत सटकते. 440 च्या सुराला हे सेकंदात 440 वेळा. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून बघितलं की तार कमानीसारखी डुलत नाही, तिच्यात एक कोपरा तयार होतो आणि तो तारेभर गोल फिरत राहतो. नुसत्या डोळ्याला जी पसरट कमान दिसते ती त्या कोपऱ्याची वाट.

याचा एक फायदा: खरी तार थोडी कडक असते त्यामुळे छेडल्यावर तिचे वरचे उपस्वर जरासे चढे येतात, पियानो ट्यून करणारे म्हणूनच वरचे सूर मुद्दाम थोडे चढवतात. गज मात्र प्रत्येक फेरीला तारेला शिस्तीत आणतो, उपस्वर बरोबर पटीत बसतात. रामन यांनी तंबोऱ्याच्या आधी यावरही काम केलं होतं, 1918 ची त्यांची गजाच्या तारेवरची मांडणी अजून वापरात आहे.

11. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे कुठलीही चार तंतुवाद्यं का?

नाही, ठरलेली आहेत: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. हा प्रकार नावारूपाला आणला ऑस्ट्रियाच्या हायडन यांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीथोव्हेनने पुढे 16 लिहिले. व्हायोला इथे गंमतशीर आहे. ती व्हायोलिनच्या पाच सूर खाली, म्हणजे फिजिक्सप्रमाणे दीडपट मोठी हवी, साधारण 53 सेंटिमीटरची पेटी. पण ती हनुवटीखाली धरायची असल्यामुळे 40-42 वर थांबली. म्हणून तिचा आवाज जरा नाकातला, आणि मला तोच आवडतो.

12. क्वार्टेटमध्ये पडदे नाहीत, तंबोरा नाही, मग सूर कोणाचा धरायचा?

एकमेकांचा, आणि इथेच खरी पंचाईत आहे. चेलो आणि व्हायोलाची सगळ्यात खालची तार सी (पाश्चात्त्य सुराचं नाव, इथे तिला सा धरा), तिथून प्रत्येक तार पंचमाने वर: सी, जी, डी, ए, आणि शेवटी व्हायोलिनची सर्वांत वरची ई. पंचम शुद्ध म्हणजे 3:2 लावला तर चार उड्यांनंतर येणारी ई ही सी चा गंधार व्हायला हवी. होत नाही. ती 408 सेंटवर पडते आणि शुद्ध गंधार 386 वर. 22 सेंटचा खड्डा, उघड्या तारांवर चेलोची सी आणि व्हायोलिनची ई एकदम वाजवली की दात आंबतात. म्हणून बरेच क्वार्टेट सी च्या तारा किंचित चढ्या ठेवतात, प्रत्येक पंचमात थोडी थोडी चोरी.

आपल्याकडचंही तेच भांडण आहे. सा पासून षड्ज-पंचम भावाने, म्हणजे 3:2 च्याच उड्यांनी, प, रे, ध, ग असं चढत गेलात तर ग 408 ला, आणि तंबोरा सांगतो 386 (प्रश्न 5). दोन्ही गंधार सिद्ध करता येतात, एकाला गणित दुसऱ्यापेक्षा जास्त मान देत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 च्या सुमारास अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं समोर ठेवून तारेच्या लांबीवर श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) मोजायला घेतल्या त्या याच फटीपायी. गवयाला एक सोय आहे, त्याचा सा हलत नाही, त्यामुळे तंबोऱ्याचा ग घेऊन तो मोकळा होतो. क्वार्टेटमध्ये मात्र दर दोन मात्रांना आधार बदलतो, तोच सूर एकदा गंधार असतो आणि पुढच्या क्षणी पंचम, मग बोट परत हलवा.

13. स्ट्रिंग थिअरीतली तार ही अशीच तार आहे का? कशाची बनलीय?

ती कशाचीच बनलेली नाही, तीच मूळ वस्तू धरलेली आहे, तिच्यात कण नाहीत. प्रश्न 1 मधलं शेजाऱ्याला ओढणं इथे लागू नाही. लांबी बहुतेक मांडण्यांत 10 चा उणे 35 वा घात मीटरच्या जवळपास, प्रोटॉन 10 चा उणे 15. काही तारांना दोन टोकं असतात, काही मिटलेली वेटोळी असतात, आणि वेटोळ्यांच्या कंपनात गुरुत्वाकर्षणाचा कण आपोआप निघतो. सुरुवात 1968 ला झाली, व्हेनेझियानो यांनी अणुकेंद्रातल्या कणांसाठी एक सूत्र दिलं आणि दोनेक वर्षांत नाम्बू, सस्किंड आणि नील्सन यांनी वेगवेगळं ओळखलं की हे सूत्र कंप पावणाऱ्या तारेचं आहे. गुरुत्वाकर्षणाची गोष्ट 1974 ला लक्षात आली.

साम्य खरं आहे ते एवढंच: तार आहे, तिच्यावर पूर्ण आकड्यातलेच हेलकावे बसतात, अडीच बसत नाही.

14. म्हणजे इलेक्ट्रॉन एक सूर आणि फोटॉन दुसरा सूर, असंच ना?

व्हिडिओमध्ये असंच सांगतात आणि ऐकायला गोड आहे, पण त्यात दोन गडबडी आहेत. पहिली, तंबोऱ्यात कंपनसंख्या 1, 2, 3, 4 अशी चढते, इथे मात्र वस्तुमानाचा वर्ग त्या पायऱ्यांनी चढतो, वस्तुमान वर्गमुळाने, म्हणजे ही शिडी सुरावटीची नाहीच, त्यावर सप्तक मिळणार नाही. दुसरी गडबड मोठी आहे. शिडीची पहिली पायरीच इतकी जड असते की आजच्या कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर. इलेक्ट्रॉन, फोटॉन, क्वार्क हे सगळे तळाच्या वस्तुमानशून्य पातळीवरच बसवावे लागतात, त्यांचं जे बारीकसं वस्तुमान दिसतं ते दुसऱ्या कारणांनी येतं. त्यांच्यातला फरक तार किती वेगात हलते याचा नाही, कुठल्या दिशेने हलते याचा जास्त, आणि दिशा भरपूर आहेत कारण हिशोब दहा मितींचा आहे.

15. याचा पुरावा मिळाला का? आपल्याकडे कोणी काम करतं का?

प्रयोगातून थेट पुरावा नाही. थिअरीला लागणाऱ्या सुपरसिमेट्रीचे (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो ही कल्पना) कणही एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रामध्ये अजून सापडलेले नाहीत. गणितात मात्र तिचा उपयोग भरपूर झालाय, कृष्णविवरांच्या एंट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) हिशोबात विशेष. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) गट जुना आणि दबदबा असलेला, 2001 ची जागतिक स्ट्रिंग्ज परिषद तिथेच झाली. अशोक सेन यांचं काम जगभर वापरतात. आणि मूळचे गडहिंग्लजचे अतिश दाभोलकर 2019 मध्ये इटलीत ट्रिएस्टच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले.

16. मोबाइलमधला तंबोरा वापरला तर चालतं का?

प्रवासात, सकाळच्या रियाजाला, शेजारी झोपलेले असताना, चालतं. फक्त तिथे तेच रेकॉर्डिंग फिरत असतं, प्रश्न 7 मधली लाट दर वेळी तिथेच येते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून 69 चा खर्ज जवळजवळ निघतच नाही, तुम्ही त्याचे उपस्वरच ऐकत असता. निदान एखादा बरा स्पीकर लावा.

17. तारा किती दिवसांनी बदलायच्या?

दिवस मोजू नका, तारेवरून बोट फिरवा. गंजाची खरखर लागली, किंवा घोडीवरच्या जागेला सपाट घट्टा पडला की बदला. गंजलेल्या तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, मग उपस्वर पटीत बसत नाहीत आणि कितीही सूत सरकवलं तरी जवारी लागत नाही. कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर एकदा बदललेल्या बऱ्या. नवीन तार पहिले दोन-तीन दिवस उतरत राहते, ते खुंटीभोवतीचे वेढे घट्ट होत असतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री बदलू नका.